दुसऱ्या निरोपाची वाट

“आज येत नाही. जरा बरे नाही. काळजी नसावी.”

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर हा निरोप येऊन पडला. पाठविणारे होते आमचे आप्पा. वय ७८, एस.टी.तून निवृत्त झालेले वाहक, पत्नी निवर्तलेली, मुलगा पुण्यास. सांगलीत कृष्णेच्या घाटावर पहाटे जमणाऱ्या आमच्या मंडळींत त्यांची जागा ठरलेली असे : कडेच्या बाकाचे डावे टोक. त्या आठवड्यात सभासदांच्या निरोपांना उत्तरे देण्याची पाळी माझी होती. मी दात घासता घासता तो निरोप वाचला, अंगठा उंचावलेले एक चित्र पाठविले, त्याखाली ‘विश्रांती घ्या’ एवढे दोन शब्द लिहिले आणि माझ्यापुरता तो विषय संपला.

आमच्या संघात एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. सारेच त्यांना ‘बाई’ म्हणतात. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले सभासदही. त्या दिवशी पाळी त्यांची नव्हती. तरीही त्यांनी आप्पांना गटावर नव्हे, स्वतंत्रपणे लिहिले : “आप्पा, तुमच्याशिवाय बाक मोकळा दिसेल. बरे नाही म्हणजे नेमके काय होते आहे? चहा झाला का? मी आठ वाजता फोन करते.”

वीस मिनिटांनी उत्तर आले : “चहा केला. पण कप हातातून सुटला. उजव्या पायातली चप्पल दोन दिवस सारखी निघते आहे. म्हातारपण, दुसरे काय.”

बाईंनी आठ वाजण्याची वाट पाहिली नाही. त्यांचा मला आलेला फोन अजून कानांत आहे. “डॉक्टर, हे वाचलेत का तुम्ही?” मी वाचले नव्हते, कारण ते मला कोणी लिहिलेच नव्हते. मी त्यांच्या घरी पोचलो तेव्हा आप्पा खुर्चीत बसून फुटलेल्या कपाचे तुकडे सुपलीत गोळा करीत होते. दोन्ही हात समोर धरून डोळे मिटायला सांगितले, तर उजवा हात हळूहळू खाली येऊ लागला. खोदून विचारल्यावर आठवले की, महिन्यापूर्वी पोटमाळ्यावरून डबा काढताना डोके तुळईला आपटले होते. रक्त आले नव्हते, टेंगूळही दोन दिवसांत उतरले होते. मग सांगायचे काय आणि कोणाला? हृदयात स्टेंट असल्यामुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मात्र रोज चालू होत्या.

तासाभरात आम्ही मिरजेत होतो. सी.टी. स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूस, कवटीच्या आत, रक्त साकळलेले दिसले. वाढत्या वयात मेंदू किंचित आकसतो आणि त्याच्या आवरणांतून जाणाऱ्या नाजूक शिरा ताणल्या जातात. मग किरकोळ माराने एखादी शीर फाटते आणि रक्त थेंबाथेंबाने, आठवडेच्या आठवडे साचत राहते. डोकेदुखी, तोल जाणे, एका बाजूची दुर्बलता, सुस्ती, विसराळूपणा ही त्याची लक्षणे. आणि ही सारीच लक्षणे ‘वय झाले’ या एका शब्दाखाली सहज झाकली जातात. आप्पांच्या कवटीस लहानसे छिद्र पाडून ते रक्त काढून टाकण्यात आले. आठवड्याने ते घरी आले.

हे मी लिहावे असे आप्पांनीच सांगितले. पुढे ज्यांचे उल्लेख येतील, त्यांची ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत.

सत्तावीस वर्षे दवाखाना चालविणाऱ्या एम.बी.बी.एस. डॉक्टरला जे कळले नाही, ते बाईंना कळले असे मी म्हणणार नाही. मेंदूतील रक्तस्राव त्यांनाही ठाऊक नव्हता. त्यांनी एवढेच केले की, आप्पांना दुसरा निरोप पाठविण्यास जागा ठेवली. माझ्या अंगठ्याने ती जागा बंद केली होती. वाचकहो, या लेखात मला सांगायचे आहे ते या दुसऱ्या निरोपाविषयीच. आपण एखाद्या संघाचे, हास्य क्लबचे, भजनी मंडळाचे किंवा सोसायटीतील ज्येष्ठांच्या गटाचे स्वयंसेवक असाल, अथवा घरातल्या वृद्धांचे निरोप परगावाहून वाचणारे मुलगा, मुलगी, सून, जावई असाल, तर हे आपल्यासाठी आहे. आणि आपण स्वतःच आप्पांच्या वयाचे असाल, तर आपल्यासाठीही आहे.

आपल्या पिढीची एक शिकवण आहे. दुसऱ्यास त्रास द्यावयाचा नाही. त्यामुळे ज्येष्ठ माणूस जेव्हा लिहितो, तेव्हा आधी दार किंचित ढकलून पाहतो. आत कोणी आहे का, त्याला वेळ आहे का, आपले बोलणे जड तर होणार नाही ना, याचा अंदाज घेतो. ‘जरा बरे नाही’, ‘झोप लागत नाही’, ‘आता येणे जमेलसे वाटत नाही’ हे पहिले निरोप असतात. खरी हकिकत दुसऱ्यात येते, क्वचित तिसऱ्यात. पहिल्याला कोरडे उत्तर मिळाले की माणूस ‘ठीक आहे, धन्यवाद’ असे लिहून दार हळूच ओढून घेतो, आणि त्या सभ्यपणामुळे आपल्याला काही चुकल्याची जाणीवही होत नाही.

दवाखान्यात हे आम्ही रोज पाहतो. खोकल्याचे औषध घेऊन रुग्ण उठतो, दाराशी जातो, मूठ कडीवर ठेवतो आणि वळून म्हणतो, “जाता जाता एक विचारायचे होते, डॉक्टर.” त्या एका वाक्यासाठीच तो आलेला असतो. यात दोष आमचाही आहे. १९८४ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी रुग्ण व डॉक्टर यांची ७४ संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली. रुग्ण आपली तक्रार सांगू लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी त्याला मध्येच थांबविले होते, आणि आपले म्हणणे पूर्ण करू शकले ते केवळ २३ टक्के रुग्ण. हा अभ्यास मी विद्यार्थिदशेनंतर केव्हातरी वाचला, मान हलविली आणि विसरून गेलो. अंगठ्याचे चित्र पाठवायला तर एक सेकंदही लागत नाही.

उत्तरातील आपुलकी ही केवळ शिष्टाचाराची गोष्ट आहे असे कोणास वाटत असेल, तर सॅन फ्रान्सिस्कोमधील एक जुनी हकिकत सांगतो. जेरोम मोटो नावाचे मनोविकारतज्ज्ञ तेथे काम करीत. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून घरी गेलेले अनेक रुग्ण पुढचे उपचार नाकारीत. १९६९ पासूनच्या काही वर्षांत त्यांनी अशा ८४३ जणांचे, कोणतीही निवड न करता, दोन गट पाडले. एका गटाला पत्रे पाठवायची, दुसऱ्याला नाही. पाच वर्षांत मिळून २४ पत्रे. आधी दर महिन्याला, मग हळूहळू अंतर वाढवीत. पत्रात उपदेश नसे, ‘तपासणीस या’ असा तगादा नसे, औषधाची चौकशीही नसे. तुमची आठवण आहे, बरे चालले असेल अशी आशा आहे, कळवावेसे वाटले तर जरूर कळवा, एवढाच भावार्थ. तोही दर वेळी निराळ्या शब्दांत, आणि रुग्णाने काही लिहिले असेल तर त्याचा उल्लेख करून. पत्रे जाणाऱ्या गटात आत्महत्यांचे प्रमाण कमी राहिले, आणि पहिल्या दोन वर्षांत हा फरक ठळक होता. औषधाच्या गोळीने इतके साधले असते तर तिची जाहिरात आपल्याला पाठ झाली असती.

त्याआधी, १९५३ साली, लंडनमधील चॅड वाराह या धर्मगुरूंनी मनाने खचलेल्या लोकांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. लोक भेटायलाही येऊ लागले. बाहेर थांबलेल्यांना चहा द्यावा, दोन शब्द बोलावेत, म्हणून काही सामान्य स्वयंसेवक तेथे बसत. थोड्याच दिवसांत वाराह यांच्या ध्यानात आले की, चहा पिता पिता स्वयंसेवकांशी बोलून झाल्यावर अनेकांना आत येण्याची गरजच उरत नाही. पुढे सारे काम त्यांनी या स्वयंसेवकांच्या हाती सोपविले, आणि आजही ‘समॅरिटन्स’ ही संस्था मुख्यतः त्यांच्याच बळावर चालते. बाईंच्या निरोपातले ‘चहा झाला का?’ मला म्हणूनच क्षुल्लक वाटत नाही. त्याचे उत्तर देणे सोपे असते. जो माणूस ‘मला भीती वाटते’ असे लिहू शकत नाही, तो ‘चहा केला, पण कप सुटला’ असे लिहू शकतो.

आप्पा घरी आल्यानंतर मी बाईंकडे, खरे सांगायचे तर, शिकवणीलाच गेलो. त्यांनी आपली वही पुढे केली. शाळेच्या हजेरीपटासारखी आखलेली. डावीकडे सभासदाचे नाव, पुढे तारीख, त्याने काय कळविले आणि पुढच्या वेळी काय विचारायचे. ‘नातीची दहावी’, ‘डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू, शुक्रवारी’, ‘भावाशी बोलणे बंद, विषय काढू नये’. पुढच्या उत्तरात ‘नातीचे पेपर कसे गेले?’ एवढे चार शब्द आले की माणसाला कळते, आपले बोलणे वाऱ्यावर गेले नाही. मी रुग्णांच्या रक्तदाबाच्या नोंदी ठेवतो, पण अशी नोंद कधी ठेवली नव्हती.

त्या वहीत ‘सुप्रभात’चाही एक रकाना आहे. गुलाबाची फुले, उगवता सूर्य, वाफाळता चहा आणि वर एखादे सुभाषित, अशी चित्रे रोज पाठविणाऱ्यांची घरची तरुण मंडळी थट्टा करतात. मीही करीत असे. बाई म्हणाल्या, “डॉक्टर, ती हजेरी आहे.” एकटे राहणारे आमचे नऊ सभासद आहेत. त्यांचे ‘सुप्रभात’ साडेआठपर्यंत आले नाही, तर फोन जातो. फोन उचलला नाही, तर शेजारी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा याच रकान्यावरून कोण कोठे अडकले आहे हे आम्हाला समजत गेले. वीज नव्हती, फोन जपून वापरायचे होते, आणि तरी लोक एक सूर्य पाठवून देत होते.

आता उत्तरांविषयी. सर्वांत वाईट उत्तर कोणते, असे मला कोणी विचारले तर मी ‘काही काळजी करू नका’ हे सांगेन. ते प्रेमाने लिहिलेले असते यात शंका नाही. पण ज्याला काळजी वाटते आहे त्याला ती करू नका असे सांगणे म्हणजे विषय बंद करणे होय. त्याच्या शेजारी ‘वयाप्रमाणे चालायचेच’ हे बसते. आणि तिसरा क्रमांक घाईच्या सल्ल्याचा. याचे एक उदाहरण मनाला लागून राहिले आहे.

आमच्या एका सभासदांनी लिहिले, “हल्ली रात्री झोप नाही.” गटावर पाच मिनिटांत सात उपाय हजर : हळदीचे दूध, जायफळ, तळपायाला खोबरेल, दुपारची झोप बंद, रामरक्षा, शवासन, आणि एका उत्साही गृहस्थांनी तर आपल्या झोपेच्या गोळीचे नावच देऊन टाकले. (हे शेवटचे कृपया कोणीही करू नये. दुसऱ्याच्या गोळीने वृद्ध माणूस रात्री न्हाणीघराकडे जाताना पडतो आणि मांडीचे हाड मोडून घेतो. दुखण्याच्या गोळ्यांचेही तसेच. एकाचे गुडघे ज्याने थांबले, त्याने दुसऱ्याचे मूत्रपिंड बिघडू शकते.) त्या सभासदांनी सर्वांचे आभार मानले आणि ते गप्प झाले. पाळी माझी होती आणि कपाचा प्रसंग ताजा होता, म्हणून मी वेगळे लिहिले : “नाना, झोप लागत नाही की लागून मोडते? रात्री जागे झाल्यावर काय करता?”

उत्तर दुसऱ्या दिवशी आले. “मोडते. ही उठते आणि दार उघडून माहेरी जाते म्हणते. कडी वर लावून घेतली आहे. मग समजूत काढत बसतो. सकाळी तिला काही आठवत नाही. गटावर सांगू नये ही विनंती.”

निद्रानाश त्यांचा नव्हताच. पत्नीला स्मृतिभ्रंश झाला होता. दोन वर्षे त्यांनी तो झाकून ठेवला होता आणि स्वतः ८१ व्या वर्षी रात्रपाळी करीत होते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची अस्वस्थता दिवस मावळू लागला की अनेकदा वाढते. संध्याकाळी घरात भरपूर उजेड ठेवणे, दिवसा थोडे चालवून आणणे, रात्री ‘तुझे माहेर आता कोठे आहे?’ असा वाद न घालता माहेराविषयीच गप्पा मारणे, याने काही प्रमाणात फरक पडतो, आणि थोडा पडलाही. पण त्यांना खरा उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्यांच्या परवानगीने दोन भगिनी मंगळवारी व शुक्रवारी चार ते सहा त्यांच्या पत्नीबरोबर फुलवाती वळत बसू लागल्या. पहिल्या मंगळवारी नाना कोठे गेले असतील? केशकर्तनालयात. तेथे खुर्चीतच त्यांना झोप लागली आणि त्या भल्या माणसाने त्यांना तासभर उठविले नाही.

घरातल्या दुखणाइतांची सेवा करणाऱ्यांना माझी विनंती आहे. आपल्या निरोपात ‘हिला’ किंवा ‘त्यांना’ कसे आहे एवढेच लिहू नका, आपल्याला कसे आहे हेही एक ओळ लिहा. आणि स्वयंसेवकांनी ते न लिहिणाऱ्याला आवर्जून विचारावे.

नाना जी विनंती करतात, ती कसोशीने पाळायला हवी. गटावर जे येते त्याला गटावर उत्तर. पण पुढचा प्रश्न नेहमी एकट्याला विचारावा. लघवीवरचा ताबा, मुलाशी झालेले भांडण, फोनवरून झालेली फसवणूक या गोष्टी चाळीस जणांसमोर कोण सांगेल? आमच्या एका सुशिक्षित सभासदांना खोट्या पोलिसाच्या दूरचित्रफोनने दोन दिवस घरात बसवून ठेवले होते, आणि त्यांनी आम्हाला काय लिहिले होते? ‘पोट बिघडले आहे.’ (अशा फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कराल तितके पैसे वाचण्याची शक्यता अधिक.) गुप्ततेला अपवाद एकच, जिवाला धोका असेल तेव्हाचा. तेव्हाही लपूनछपून नव्हे, तर ‘हे मी तुमच्या मुलीला सांगणार आहे’ असे सांगून.

निरोपाचा तोटकेपणा हाही रागाचा किंवा उदासपणाचा पुरावा समजू नये. कंपवातात बोट अक्षरावर टेकत नाही. मोतीबिंदूत पडदा धूसर दिसतो. सांधेदुखीत अर्ध्या ओळीनंतर अंगठा ठणकतो. अशांना मी ध्वनिमुद्रित निरोप पाठवितो, सावकाश आणि आधी माझे नाव सांगून. ज्यांना ऐकू कमी येते त्यांना उलट, लिहूनच आणि मोजक्या ओळींत. बोलून टंकलेखन करणाऱ्या फोनचे प्रताप तर निराळेच. ‘लघवीची तपासणी कोठे होते?’ हा प्रश्न ‘लवकरची तपासणी’ होऊन आला आणि मी त्या गृहस्थांना सकाळी सातची वेळ देऊन मोकळा झालो.

मात्र एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. जो माणूस नेहमी नीट लिहितो, त्याचा निरोप अचानक असंबद्ध आला, शब्द जागचे हलले, अर्थ लागेनासा झाला, तर लिहीत बसू नका. त्याच क्षणी फोन करा. पक्षाघाताची सुरुवात कधी कधी अशी लिहिण्यातून दिसते. बोलणे जड येत असेल, तोंड एका बाजूला ओढले असेल, एक हात उचलत नसेल, तर १०८ ला फोन करून सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्यातही जितके लवकर तितके बरे. छातीत दडपण, घाम, दम लागणे, अचानक आलेला भ्रम, आणि डोक्याला मार लागल्यानंतरच्या काही आठवड्यांतील कोणताही बदल, यांना उत्तर निरोपाने द्यायचे नसते. आपुलकीची तेथे एकच भाषा आहे : “मी निघालो.”

‘आता पुरे झाले’, ‘मी कोणाच्या कामाचा नाही’, ‘सगळ्यांची सुटका होईल’ असेही निरोप येतात, बहुधा रात्री. त्यांवर ‘असे बोलू नये’ हे पहिले उत्तर असते आणि ते चुकीचे असते. मी सरळ विचारतो : “जीव नकोसा झाला आहे का? जीव द्यावा असे मनात येते का?” असे विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात नव्याने शिरत नाही, उलट, बोलण्याची वाट मोकळी होते. उत्तर ‘हो’ आले, तर त्या माणसाला एकटे ठेवायचे नाही आणि डॉक्टरांची भेट त्याच दिवशी घडवायची. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी सेवा चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ सकाळी आठ ते रात्री आठ चालते. वृद्धापकाळी नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसतच नाही. ते अंगदुखीतून, अपचनातून, भूक मंदावण्यातून बोलते, आणि त्यावर औषधोपचार आहेत.

शोकाविषयी थोडेसे. कोणी गेले की गटावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या ओळी लागतात. तेराव्यापर्यंत घर भरलेले असते. बाईंच्या वहीत मात्र अशा नावापुढे पुढची तारीख असते ती विसाव्या, पंचविसाव्या दिवसाची. पाहुणे गेलेले असतात आणि दोघांचा स्वयंपाक करायची सवय हाताला असते. त्या दिवशी जाणाऱ्या निरोपात गेलेल्या माणसाचे नाव असते. “आज घाटावर काकांची आठवण निघाली. त्यांच्या डब्यातले भडंग कोणी केलेले असायचे?” एका काकूंनी यावर चार पाने भरतील एवढे लिहिले. भडंग त्यांनीच केलेले असायचे, आणि काका ते आपण केले म्हणून सांगत.

हे सारे करणारा माणूसही दमतो, हे मी मान्य करतो. पाळी असलेल्या आठवड्यात रात्री तीनला फोन उजळतो. वृद्धांची झोप उथळ. त्यांना वाटते, सकाळी वाचतील. आम्ही आता चौघांत आठवडे वाटून घेतले आहेत, आणि सकाळी सात ते नऊ व संध्याकाळी पाच ते सात अशी वेळ सर्वांना कळविली आहे. या वेळेबाहेर तातडीचे असेल तर लिहू नये, फोन करावा. वेळ नसेल तर मी तसे लिहितो : “आत्ता दवाखान्यात आहे. दुपारी चारला फोन करतो.” आणि चारला करतो. न पाळलेले आश्वासन हे उत्तर न देण्यापेक्षा वाईट. दूरदेशी असलेल्या मुलांनाही माझे हेच सांगणे असते. रोज तासभर बोलण्याची हमी देऊन महिनाभराने ओशाळण्यापेक्षा रविवारी सकाळी दहा मिनिटे ठरवा, पण त्या दहा मिनिटांत ‘औषधे घेतली ना?’ हा पहिला प्रश्न नसावा.

आप्पांचे म्हणाल, तर ते गेल्या उन्हाळ्यापासून आमच्यातले चौथे स्वयंसेवक आहेत. बाकाचे डावे टोक अजून त्यांचेच आहे. त्यांच्या उत्तरांना एस.टी.चा वास येतो. नव्याने आलेल्या, बुजऱ्या सभासदाला ते लिहितात, “खिडकीची सीट धरून ठेवली आहे, या.” कोणी दोन दिवस आले नाही की, “गाडी स्टँडवर उभी आहे, तुम्हाला घेतल्याशिवाय डबल बेल देणार नाही.” बाईंना ही भाषा फारशी शुद्ध वाटत नाही, पण वहीत त्यांनी तिच्याविरुद्ध काही लिहिलेले नाही.

मागच्या महिन्यात एका सकाळी मीच गटावर कळविले, “आज येणे जमत नाही. थोडे काम आहे.” पाळी आप्पांची होती. अर्ध्या मिनिटात माझ्या फोनवर स्वतंत्र निरोप आला : “डॉक्टर, काम म्हणजे कसले काम? चहा झाला का?”

काम नव्हते. दोन दिवस ताप होता आणि घरात मी कोणाला सांगितले नव्हते. मी पांघरुणातून हात बाहेर काढला आणि तसे लिहिले.